घरगुती कारण

दीप्ती नोकरीला लागून आठ महिने झाले होते आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

ते कळलं एका मंगळवारी, शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या प्रशिक्षण केंद्रात. तिथं ती नाव घालायला गेली होती. दीड महिना शिकायचं, ओतून आलेले सुटे भाग मापून तपासायचे, पास झालं की तिथंच नोकरी. जाहिरातीतलं बाकी सगळं तिनं एकदा वाचलं होतं, शेवटची ओळ मात्र चारदा: कामगार महिलांच्या मुलांसाठी पाळणाघराची सोय. तिची निशा नुकतीच वर्षाची झाली होती. चार पावलं टाकायची आणि पाचव्याला मागं वळून आई आहे ना ते बघायची.

खिडकीपलीकडच्या ऋतुराज नावाच्या पोरगेल्या क्लार्कनं तिचा आधार नंबर टाकला. आधी स्क्रीनकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"वहिनी, तुम्ही तर कामाला हाय की."

"कोण म्हणतं?"

"कॉम्प्युटर म्हणतोय. राजारामपुरीच्या केंद्रातनं शिलाई मशीनचा कोर्स पास. लगेच नोकरी, मयूरपंख गारमेंट्स, उचगाव, पाण्याच्या टाकीमागं. फोटो पण तुमचाच हाय बघा."

फोटो तिचाच होता. पत्ता तिच्या घरापासून चार गल्ल्यांवरचा.

"मी पास झालो न्हाई. मला तिथनं हाकललंय," दीप्ती म्हणाली.

ऋतुराजनं आवाज खाली आणला. सरकारी योजनेतनं एकदा शिकून नोकरी लागलेल्या माणसाला दुसरी फुकट सीट मिळत नाही, हे त्यानं सांगितलं. मोकळं व्हायला दोन वाटा होत्या. नोकरीचा राजीनामा त्या जुन्या केंद्राकडनं कॉम्प्युटरवर चढवून घेतला, की नाव त्याच दिवशी सुटणार. नाहीतर तक्रार करायची. पण तक्रार झाली की चौकशी, आणि चौकशी संपेपर्यंत नाव गोठणार. "वर्ष पण जाईल वहिनी. आमची बॅच शनिवारी बाराला बंद. तुम्ही गोडीनं राजीनामा घ्या. भांडू नका."

भांडू नका. येताना बसमध्ये हे दोन शब्द तिच्या डोक्यात खडकावर आपटल्यासारखे वाजत राहिले.

राजारामपुरीतलं ते केंद्र एका कोचिंग क्लासच्या वर होतं आणि ते चालवायच्या वर्षाराणी मॅडम. दीप्ती तिथं गेली तेव्हा निशा चार महिन्यांची होती. पोर बाटलीला तोंड लावायची नाही. मग रोज दुपारी दीप्तीची सासू धोंडुबाई निशाला घेऊन उचगावहून बसनं यायची, आणि खालच्या झेरॉक्सवाल्याच्या मागच्या खोलीत, कागदांच्या गठ्ठ्यांवर बसून, दीप्ती लेकीला पाजायची. मधल्या सुट्टीची पंधरा मिनिटं. निशा पिताना आईचं बोट मुठीत धरायची आणि झोप लागली तरी सोडायची नाही. एके दिवशी ती मूठ सोडवता सोडवता पाच मिनिटं जास्त गेली.

दीप्ती वर्गात आली तेव्हा मॅडम दारातच होत्या. "हे केंद्र हाय, पाळणाघर न्हवं," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "पोरं सांभाळायचीत तर घरात बसा की. उगं कुणाच्या सीटा अडवायच्या." अकरा बायका मशीनवर मान खाली घालून बसल्या होत्या. दीप्तीच्या ब्लाउजवर दुधाचा डाग होता आणि मॅडम त्या डागाकडंच बघून बोलत होत्या. आठ दिवसांनी ओळखपत्र जमा करायला म्हणून बोलावलं आणि अंगठ्याच्या यंत्रावर तीनदा अंगठा घेतला. का, ते दीप्तीनं विचारलं नाही. त्या दिवशी तिला फक्त तिथून बाहेर पडायचं होतं.

आता कळलं, का ते.

घरी आल्यावर तिनं आरडाओरडा केला नाही. नवरा सूरज म्हणाला, "चल, आत्ताच जाऊन तिच्या झिंज्या धरू." ती म्हणाली, "थांबा." तिनं राग दह्यासारखा विरजून ठेवला. दही लागताना भांडं हलवायचं नसतं.

संध्याकाळी निशाला कडेवर घेऊन ती पाण्याच्या टाकीमागं गेली. पत्र्याची शेड होती, वर्षाराणी मॅडमच्या दिराची. तो लग्नाचे मंडप घालायचा. दारात कृष्णाततात्या बसले होते, गावातलेच, राखणीला.

"तात्या, हितं गारमेंटची कंपनी कुठं हाय?"

"कंपनी? हितं नवरा-नवरीच्या खुर्च्या हाईत, आन् उंदरं हाईत. तुला काय पायजे?"

"मी हितं कामाला हाय."

तात्यांनी तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग आठ म्हैने कुठं गेलतीस? खुर्च्या पुसून पुसून माझी पाठ गेली."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी. आत सोनेरी रंगाची सिंहासनं, मखमलीच्या गाद्या, थर्माकोलचे मोर एकावर एक रचले होते. निशानं मोराकडं हात केला. शेडभर एकच पिवळा दिवा जळत होता.

बुधवारी फोन आला. वर्षाराणी मॅडम. आवाजात साखर.

"दीप्ती, बाळ, कशी हायस? छकुली कशी हाय?"

शुक्रवारी जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार होते. ज्यांना नोकरी लागली असं दाखवलं त्या बारा जणींचे फोटो आणि अंगठे जागेवर जुळवून बघणार होते. भाड्याच्या बायका चालणार नव्हत्या. "दोन तास मशीनवर बसायचं, अंगठा द्यायचा, एवढंच. तू तर गावातलीच हायस की."

"माझं नाव सोडवा," दीप्ती म्हणाली. "राजीनामा पायजे. शिक्का मारून. साहेब यायच्या आधी माझ्या हातात."

मॅडम लगेच म्हणाल्या, "एवढंच व्हय? घे की."

फोन ठेवल्यावर दीप्तीला नवल वाटलं, इतकं सोपं? म्हणजे सुटका होती. शुक्रवारी कागद, शुक्रवारीच नाव मोकळं, शनिवारी शिरोली. धोंडुबाई म्हणाली, "घे पोरी. देणाऱ्याचा हात बघू नये." दीप्ती म्हणाली, "आत्या, तो हात माझ्या अंगठ्यावर होता." आणि त्या रात्री लेकीच्या केसांतनं बोटं फिरवत तिनं दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. एकीकडं पाळणाघर, खेळणी, पगार. दुसरीकडं वर्षाराणी मॅडमचं तोंड उतरलेलं. दुसरी बाजू जास्त ओढत होती, आणि त्याची तिला लाज वाटली नाही, हेच तिला जरा भीतीदायक वाटलं.

शुक्रवारी सकाळी शेडमधली सिंहासनं भिंतीला लावून बारा मशीन मांडलेल्या होत्या. विजेवरच्या, काल भाड्यानं आणलेल्या, तात्यांनी सांगितलं. वर्गातल्या बाकीच्या बायका आल्या. स्वप्नाली आली, नवऱ्याला न सांगता. सगळ्यांत थोरली आक्का आली, पिशवीत डबा घेऊन.

"डबा कशाला गं?" स्वप्नालीनं विचारलं.

"कामावर आलोय न्हवं? आठ म्हैन्यांत एक दांडी न्हाई माझी. असली बाई मिळंल का कुणाला?"

वर्षाराणी मॅडम पैठणीत होत्या. त्यांनी दीप्तीला बाजूला घेतलं आणि कागद दिला. टाईप केलेला, शिक्का मारलेला, फक्त सही राहिलेली. दीप्तीनं सावकाश वाचला. आठ महिने मयूरपंख गारमेंट्समध्ये समाधानानं काम केलं. पगार वेळेवर मिळाला. नोकरी सोडण्याचं कारण: घरगुती.

"हे कारण?"

"बायकांचं तेच असतंय की," मॅडम म्हणाल्या, साडीच्या निऱ्या सारख्या करत. "तुझं तर खरंच घरगुती हाय. कर सही. साहेब आले."

त्यांनी खरंच वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. घाईत म्हटलं होतं, जसं रिक्षावाल्याकडं सुट्टे मागावेत तसं. म्हणूनच ते दीप्तीला जास्त लागलं. कागदावर सही झाली की ती नोकरी खरी होणार होती, मॅडम खऱ्या होणार होत्या, आणि जे खोटं होतं ते सगळं तिच्या घरावर, तिच्या लेकीवर ढकललं जाणार होतं. तिची लेक म्हणजे कारण.

दीप्तीनं पेन घेतलं. समाधानानं काम केल्याच्या आणि वेळेवरच्या पगाराच्या दोन ओळींवर एकेक आडवी रेघ मारली. 'घरगुती'वर दोन. खाली जागा अपुरी होती, म्हणून बारीक अक्षरात लिहिलं:

'ही नोकरी कधी नव्हतीच. मशीन काल भाड्यानं आल्या. मी कोर्स पास नाही. बाळाला पाजताना पाच मिनिटं उशीर झाला म्हणून मला केंद्रातून काढलं आणि नंतर फसवून अंगठा घेतला. हे मी माझ्या राजीखुशीनं लिहिते.'

मग सही केली, पूर्ण नावानं, आणि घडी घालून मुठीत ठेवली.

साहेब मध्यमवयीन, घाम पुसत आलेले. एकेकीचा फोटो बघायचे, अंगठा घ्यायचे, पुढं सरकायचे. दीप्तीच्या मशीनशी आले तेव्हा तिनं अंगठ्याऐवजी कागद पुढं केला.

"साहेब, मी आज नोकरी सोडतोय. आधी हे वाचा."

मॅडम हसून म्हणाल्या, "घरगुती अडचण हाय तिची."

साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि बाकीच्यांकडं बघितलं. "हे खरं आहे का?"

बायकांनी नजरा मशीनवर वळवल्या. स्वप्नालीनं मान खाली घातली. शेडमध्ये पत्रा तापून टकटक वाजत होता. दीप्तीला वाटलं, संपलं, आपण एकटीच.

मग आक्का उठली. "साहेब, एक काम करा. एखादी मशीन चालू करून दाखवा म्हणावं. लाईटीचं बोर्डच न्हाई हितं. आमी आठ म्हैने काय तोंडानं शिवतोय व्हय?"

साहेबांनी भिंतीवर नजर फिरवली. एक वायर, एक दिवा. त्यांनी पिशवीतनं दुसरं, जाड रजिस्टर काढलं.

एकेकीचा जबाब झाला. स्वप्नालीचाही, रडत रडत. मॅडम बाहेर फोनवर कुणाला तरी 'भाऊ, भाऊ' म्हणत होत्या.

निघताना साहेब दीप्तीपाशी थांबले. "बाई, तुम्ही ही सही मुकाट्यानं केली असती तर आज मोकळ्या झाल्या असता. आता चौकशी होईपर्यंत नाव असंच राहणार. तुमचंच नुकसान."

"माझं झालंय साहेब, आठ महिन्यांपूर्वीच. आता त्यांचं होऊ द्या."

साहेब गेल्यावर वर्षाराणी मॅडम तिच्यासमोर आल्या. काजळ गालावर आलं होतं. "तुला काय मिळालं गं यातनं? माझीबी पोरं हाईत. शाळेत हाईत."

दीप्तीनं त्यांच्या डोळ्यांत बघितलं, पहिल्यांदाच. "मग आता घरात बसून सांभाळा की त्यांना," ती म्हणाली, आणि तात्यांकडं ठेवलेल्या लेकीला घ्यायला गेली.

शनिवारी बारा वाजले. दीप्ती भाकऱ्या थापत होती. शिरोलीची बॅच बंद झाली असणार. तव्यावरची भाकरी जराशी करपली, तेवढंच. सूरजनं ती मुकाट्यानं आपल्या ताटात घेतली.

केंद्राला सील लागल्याचं अकराव्या दिवशी आक्कानं फोनवर सांगितलं. दीप्ती निशाला घेऊन राजारामपुरीला गेली. काम काही नव्हतं. धोंडुबाईला सांगितलं, बाजारातनं येतो.

दाराला कुलूप होतं आणि कुलपावर लाखेचा लाल गोळा. वर नोटीस चिकटवलेली. दीप्तीनं लेकीला उचलून नोटिशीपर्यंत धरलं आणि एकेका शब्दावर तिचं इवलं बोट ठेवत वाचायला लागली, अंगाई म्हणावी तसं, खालच्या आवाजात, हळूहळू: सदर, केंद्राची, मान्यता. निशा खिदळली. पुढचा शब्द जरा अवघड होता. तो दीप्तीनं दोनदा म्हणून दाखवला.