तबकडीवरचा दुसरा आवाज

विमलबाईचं गाणं लोकांना आवडलं की ते एकच वाक्य बोलायचे आणि ते तिला कुसळासारखं टोचायचं. "अगदी भागिरथाबाईवानी गाते." शेलूबाजारला तिनं ते ऐकलं, मालेगावला ऐकलं, पार धनजला लग्नाच्या मांडवात ऐकलं. म्हणणारा मनापासून म्हणायचा. विमल हसून मान डोलवायची आणि मग घर येईपर्यंत नवऱ्याशीसुद्धा धड बोलायची नाही.

भागिरथाबाई किन्हीराजाची. छप्पनच्या दीक्षेनंतर या भागात गावोगाव गाण्याच्या पार्ट्या निघाल्या, त्यात पहिलं नाव झालं ते तिचं. एका कंपनीनं तिच्या दोन गाण्यांची तबकडी काढली होती, आणि ती तबकडी वाजल्याशिवाय वऱ्हाडात आपल्या लोकांचं लग्न लागत नसे. विमल तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. बाईंच्या मागं उभं राहून झील धरायची, म्हणजे बाई पुढं ओळ गाणार आणि मागच्या बायका ती उचलून धरणार. मग बाईंचा नवरा वारला. तो तिचा ढोलकीवाला होता. बाईंनी गाणं जे बंद केलं ते केलंच. शेत कसलं, गाय पाळली, आणि कोणी आग्रह धरलाच तर म्हणायच्या, "आता आवाज नाई राह्यला."

पार्टी मोडू दिली नाही ती विमलनं. पेटीवर माणिकराव जुनेच राहिले. त्यांचं शेलूबाजारच्या स्टँडजवळ शिवणकामाचं दुकान होतं. ढोलकीवर विमलचा नवरा पंजाबराव बसला. लोक भागिरथाबाईंचीच गाणी मागायचे, विमल तीच गायची. अशी दहाएक वर्षं गेली. पोस्टरवर तिचं नाव मोठ्या अक्षरात येऊ लागलं. जयंतीचा शेलूबाजारचा मंच तर तिचाच ठरलेला.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरच्या दुसऱ्या वर्षी, कापूस वेचणीच्या दिवसांत माणिकराव दुकान अर्ध्यावर सोडून विमलच्या दारात आले. गळ्यातला टेप काढायचंही त्यांना भान नव्हतं.

"मुंबईहून कंपनीचा मानूस आला हाये," ते म्हणाले. "मोठी तबकडी काढाची म्हनते. दोन्ही बाजूनं गानी. गावोगावचे गानारे हुडकून राह्यला. सोबत मशीन हाये टेपचं."

विमलनं हातातलं सूप खाली ठेवलं. पदर सारखा केला. मनात तिची गाणी निवडूनही झाली.

"कुठं हाये थो? चहाले घेऊन या ना घरी."

माणिकरावांनी गळ्यातला टेप काढून हाताला गुंडाळला. "थो किन्हीराजाले गेला. भागिरथाबाईकडे. लहानपणी त्याच्या घरी तिची जुनी तबकडी होती म्हनते."

विमलनं सूप पुन्हा उचललं आणि ज्वारी पाखडायला लागली. "गा म्हना तिले," ती म्हणाली. "आवाज नाई म्हनत होती ना."

बाई नाही म्हणतील याची तिला खात्री होती. पण बाई हो म्हणाल्या. मुंबईला मात्र येणार नाही म्हणाल्या, कारण गाय नुकतीच व्याली होती आणि तिला दुसऱ्या कुणाचा हात चालत नव्हता. कंपनीचा माणूसही चिवट. त्यानं वाशीमची टॉकीज सकाळच्या वेळेपुरती घेतली, खेळ नसतो तेव्हा. बाईंची दुसरी अट होती की पेटी माणिकरावांचीच पाहिजे, ढोलकी पंजाबरावाची, आणि झील धरायला विमल.

"मी काई तिच्या मांगं उभी राहत नाई आता," विमल नवऱ्याला म्हणाली. "माही पार्टी हाये. मले लोकं वळखतात."

पंजाबराव ढोलकीची शाई हातानं चाचपत होता. "नको जाऊ," तो म्हणाला. "पन मी जातो. माही ढोलकी तबकडीवर कवा येईन मंग?"

त्याच्या या सरळपणानं ती आणखीच चिडली. दोन दिवस घरात भांडी आपटत होती. आणि शेवटी गेली. का गेली ते तिला नीट ठाऊक होतं. बाईंचा आवाज गेलेला तिला स्वतःच्या कानानं ऐकायचा होता.

टॉकीजमध्ये पंखे बंद ठेवले होते, कारण त्यांची घरघर मशीन पकडत असे. पडद्यासमोर सतरंजी टाकली होती. बाई आल्या त्या पांढऱ्या लुगड्यात, पाठीत थोड्या वाकलेल्या, हाताला गवताचा वास. विमलला पाहून म्हणाल्या, "आली का? बरं झालं. मले वाटलं, येत नाई तू."

"बोलावलं त आली, बाई."

पहिलं गाणं सुरू झालं आणि विमलच्या जिवाला थंडावा मिळाला. बाईंचा आवाज खरंच बसला होता. जाड झाला होता, वरच्या सुरात जाताना त्याला धाप लागत होती. कंपनीच्या माणसानं दोनदा मशीन थांबवून पुन्हा घ्यायला लावलं. विमल मागं उभी राहून मनातल्या मनात बाईंची एकेक जागा मोजत होती. इथं घसरली, इथं सूर सोडला. इतकं सुख तिला कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

मग लेक शाळेत जाते ते गाणं निघालं. बाईंचं सगळ्यांत गाजलेलं. "लेक चालली शाळेला, उजेड झाला रानाला." त्यात 'उजेड' हा शब्द एकदम उंच जातो आणि तिथंच थांबतो, सगळं रान डोळ्यांसमोर येईपर्यंत. जुन्या काळी बाई तिथं श्वासही न घेता उभ्या राहायच्या. आज त्या शब्दाशी आल्या, वर गेल्या आणि मध्येच त्यांचा दम तुटला.

विमलला विचार करायला वेळच मिळाला नाही. वर्षानुवर्षं मागं उभं राहून जे केलं ते तिच्या गळ्यानं आपोआप केलं. बाईंच्या हातून सुटलेला सूर तिनं वरच्या वर झेलला आणि 'उजेड' तसाच उंच, लांब धरून ठेवला. बाई खालून पुन्हा येऊन मिळाल्या. माणिकरावांची बोटं पेटीवर क्षणभर अडखळली, पण चालत राहिली. गाणं संपलं तेव्हा मशीनवाला खूश होता. हेच ठेवायचं म्हणाला, पुन्हा घ्यायची गरज नाही.

बाईंनी मागं वळून विमलकडे पाहिलं. माठातलं पाणी घेतलं आणि पुढचं गाणं कोणतं ते माणिकरावांना विचारलं.

तबकडी आली संक्रांतीनंतर. वेष्टनावर बाईंचा मोठा फोटो, खाली ठळक नाव. मागच्या बाजूला बारीक अक्षरात 'आणि सहकारी'. स्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं ती पहिल्याच आठवड्यात आणली आणि लाउडस्पीकरचा पोंगा रस्त्याकडे वळवून लावली. जीपवाले, बाजाराला आलेले लोक चहाचा कप हातात धरून ऐकत उभे राहायचे.

विमल माणिकरावांच्या दुकानात पोलकं शिवायला टाकायला गेली होती. पोंग्यावर तेच गाणं लागलं. 'उजेड' आला, आणि बाकावर बसलेला एक म्हातारा डोळे मिटून म्हणाला, "या वयात पाहा कसा सूर लावते. अशी बाई पुन्हा होनार नाई."

विमलनं माणिकरावांकडे पाहिलं. माणिकरावांनी मान खाली घालून सुईत दोरा ओवला.

घरी आल्यावर ती नवऱ्यावर तुटून पडली. "थो आवाज माहा हाये."

"मले मालूम हाये."

"मंग सांगा ना लोकायले."

"तू सांग," पंजाबराव म्हणाला. "तुहा आवाज हाये."

सांगायचं कसं, तिथंच गाडी अडत होती. एकदा तिनं शेजारच्या गोजराबाईला सांगून पाहिलं. गोजराबाईनं ऐकून घेतलं आणि आपल्या पोरानं मीच वाघ मारला म्हटल्यावर आई जशी हसते तशी हसली. "असंन बाई," म्हणाली. त्यानंतर विमलनं तोंड मिटलं. पण गाणं कानावर आलं की तिचा जीव जळायचा. टाळ्या बाईला, फोटो बाईचा, आणि उजेड आपला. झोपेतही तिला ते 'आणि सहकारी' दिसायचं.

एप्रिलात जयंती आली. मंडळानं त्या वर्षी शेलूबाजारचा मंच भागिरथाबाईंना दिला. विमलच्या घरी सांगायला आले ते माणिकरावच. कार्यक्रमाला जायचं नाही असंच तिनं ठरवलं होतं, पण संध्याकाळ झाली तशी तिला घरात बसवेना. मिरवणूक संपून पटांगण भरलं होतं. ती बायकांच्या घोळक्यात मागं जाऊन बसली आणि एकच गोष्ट मनाशी पक्की केली. आज बाईंचा सूर तुटला तर आपण ओठ उघडायचे नाहीत. मग लोकांना आपोआप कळेल.

बाईंनी चारपाच गाणी म्हटली. जमली नाहीत असं नाही. लोकांना तर त्यांचं नुसतं उभं राहणंही पुरत होतं. मग शाळेच्या गाण्याची मागणी सुरू झाली. बाईंनी सुरुवात केली. 'उजेड' जवळ आला तशी विमलनं हातांच्या मुठी वळल्या.

बाई त्या शब्दाच्या अलीकडं थांबल्या. पेटी थांबली. बाईंनी मायक्रोफोन जवळ घेतला.

"तबकडीवर हा सूर ऐकला ना तुमी? थो माहा नाई," त्या म्हणाल्या. "माहा दम तुटला होता. थो सूर विमलचा हाये. पंजाबरावच्या विमलचा. असंन इथंच कुठं बसलेली. तिले वर पाठवा."

माना वळल्या. बायकांनी विमलला उठवलं, ढकलत मंचापर्यंत नेलं. ती वर गेली. बाई बाजूला सरकल्या आणि तिला मायक्रोफोन दिला. विमलनं 'उजेड' लावला. असा लावला की पटांगणाच्या टोकाला उभे असलेले लोकही गप्प झाले. टाळ्या पडल्या, खूप पडल्या. तिचे डोळे भरून आले. हवं ते सगळं त्या एका संध्याकाळी तिला मिळालं होतं.

मिळालं होतं ते घरी येण्याच्या वाटेवरच गेलं. पुढं चाललेल्या बायका बोलत होत्या, मागून येणारे पुरुष बोलत होते, आणि सगळे एकच बोलत होते. "केवढं मन हाये त्या बाईचं. भर सभेत सांगतलं. दुसरी असती त लपवलं असतं." विमलच्या सुराबद्दल एखाददुसरा बोलला, नाही असं नाही. पण उशिरा, आणि जाता जाता.

"आता काय झालं?" पंजाबरावानं विचारलं.

"तिनं देल्लं म्हनून मले भेटलं," विमल म्हणाली. "तेई तिचंच झालं."

चारपाच दिवस ती हेच उगाळत राहिली. मग एका सकाळी स्टँडवरच्या मोहनसिंगच्या जीपमध्ये बसून किन्हीराजाला गेली. बाई अंगणात तुरीची डाळ निवडत होत्या. विमल समोर बसली. चहा झाला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग तिनं सरळ सांगून टाकलं.

"बाई, मले तुमचा राग येते. लय दिवसांचा येते. तुमी मले वर बोलावलं, तवापासून जास्त येते."

बाईंचा हात डाळीत थांबला. त्यांना वाईट वाटलं असेल असं विमलला वाटलं. पण बाई गालातल्या गालात हसत होत्या.

"तुले काय वाटते, मी गायले काहून लागली पुन्हा?" त्या म्हणाल्या. "दहा वर्सं या अंगनात बसून पोंग्यावर तुहा आवाज आयकला. लग्न असो, जयंती असो, गानी माही अन् नाव तुहं. लोकं येऊन सांगत, विमल बाई लय चांगलं गाते. मी उठून दार लावून घेत होती. कंपनीचा मानूस आला, तवा वाटलं, जमो नाई त न जमो, एकदा तिच्या तोंडावर गाऊन दाखवीन."

विमल पाहतच राहिली. "मंग भर सभेत माहं नाव काहून सांगतलं?"

"त्यात कायचा मोठेपना? लोकं त्या सुरावर माह्या पाया पडत, अन् थो सूर तुहा. माह्या घशाखाली घास उतरत नव्हता. म्हनलं, जाऊ दे एकदाचं, तुहं तुले."

विमल हसली नाही, रडलीही नाही. पण छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं तिला वाटलं. इतकी वर्षं ज्या बाईकडे ती मान वर करून पाहत आली, ती आता समोर डाळ निवडत होती आणि तिच्याएवढीच होती. राग गेला असं नाही, पण आता तो बरोबरीच्या माणसावरचा होता.

"तुमची गानी मी सोडनार नाई," ती म्हणाली.

"नको सोडू. मीई सोडत नाई. पन शाळेच्या गान्याचा दुसरा अंतरा तू चुकीचा म्हनते. थो खाली उतरते. तू उगीच वर नेते."

"वरच जाते थो, बाई. तुमीच वर नेत होत्या. मी मांगं उभी राहत होती, मले मालूम नाई का?"

"मीच चाल बांधली, अन् तू मले शिकवते?"

बाईंनी डाळीचं सूप बाजूला सारून अंतरा म्हणून दाखवला. विमलनं आपल्या पद्धतीनं म्हटला. दोघींचेही आवाज चढले. रस्त्यावर मोहनसिंगची परतीची जीप येऊन थांबली. त्यानं एकदा हॉर्न वाजवला, मग पुन्हा वाजवला. विमलनं हातानंच त्याला पुढं जायला सांगितलं आणि मांडी बदलून नीट बसली, कारण बाई पुन्हा तिथंच खाली उतरल्या होत्या.