गोरखच्या गळ्यात वीणा

सप्ताहाचा पाचवा दिवस. सकाळी आठ ते दहा वीणेचा पहारा सावळेरामतात्यांचा होता. भीमाशंकरच्या वाटेवरचं डोंगरातलं गाव, पण नेम कडक. सात दिवस वीणा भुईला टेकायची नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. ज्याच्या गळ्यात ती असेल त्यानं मुखी नाम घ्यावं, हात कुणावर उगारू नये.

देवळासमोरच शाळेची भिंत. चित्रकलेच्या साधनाबाई तिच्यावर पोस्टर चिकटवत होत्या. डोंगर फोडणाऱ्या खडी-क्रशरच्या सुरुंगांनी सातवीच्या वर्गाला भेग गेली होती. पोरांनी तीच काढली होती: काळ्या फळ्याला वरपासून खालपर्यंत लाल भेग, आणि खाली ‘आमी बसायचं कुठं?’ जुन्नरच्या पीरमहंमदचाचांनी ती पोस्टर हातानं छापून एसटीनं स्वतः आणली होती, आणि आता ते बाईंना एकेक हातात देत होते. अकराला ग्रामसभा. क्रशरला आणखी पाच वर्षं द्यायची का, हे तिथं ठरणार. त्याआधी गावानं ही भिंत वाचावी, एवढाच बाईंचा हट्ट.

साडेनवाला क्रशरची दोन माणसं मोटारसायकलवरून उतरली. मोहित बाहेरचा, गोरख गावचाच.

“ओ बाई, चित्रकला वर्गात शिकवा की!” मोहितनं खळीची बादली लाथाडली.

“वर्ग शिल्लक ठेवलाय का तुम्ही?”

त्यानं बाईंचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. ओल्या पोस्टरवर रक्त उमटलं. चाचा मध्ये पडले, तशी गोरखनं लोखंडी सळई त्यांच्या मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज पार देवळात आला. चाचा मटकन खाली बसले.

तात्यांच्या तोंडचं नाम थांबलं. वीणा घ्यायला जवळ कुणी नाही. ते वीणेसकट धावले.

“तात्या, बाजूला व्हा! तुमाला न्हाई मारायचं मला,” गोरख म्हणाला.

“आन् त्या म्हाताऱ्याला बरं मारलंस रं!”

मोहितची काठी तात्यांच्या कानशिलावर बसली. कान फाटला, सदरा भिजला. डोळ्यांपुढं अंधार येत होता, तरी त्यांनी वीणा उतरवली, गोरखच्या गळ्यात घातली आणि पहारा सोपवताना वाकतात तसे त्याच्या पाया पडले. तिथंच आडवे झाले.

गोरखच्या हातातली सळई निसटली.

“फेक ती!” मोहित ओरडला.

“खाली न्हाई ठेवता येत.”

“येडा झाला का राव?” मोहितनं वीणेला हिसका दिला. गोरखनं ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि त्याच्या गुडघ्यावर लाथ घातली. मोहित कोसळला. दुसरी लाथ बरगडीत. तिसरी तोंडावर, दात मातीत पडला.

“गोरख!” तात्या भुईवरून किंचाळले. “गळ्यात वीणा हाय तुझ्या!”

उचललेला पाय तसाच थांबला. मोहित खुरडत रस्त्याकडं सरकला.

दहाला पुढच्या पहाऱ्याचे दादाभाऊ आले. त्यांनी भिंत पाहिली, चाचांचा लोंबता हात पाहिला. गोरखनं वीणा काढायला मान वाकवली.

“ऱ्हाऊ दे,” दादाभाऊ म्हणाले. “मला सभेला जायचंय. आन् नुस्ता उभा नको ऱ्हाऊ, नाम घे.”

तात्यांना आणि चाचांना जीपमध्ये घातलं तेव्हा सभेला निघालेली माणसं भिंतीपाशी थबकत होती. कपाळाला पदर लावून बाई उरलेली पोस्टर चिकटवत होत्या. गोरखचे ओठ हलत होते, आवाज मात्र फुटत नव्हता.