झारीतून पाणी पडण्याआधी

झारीच्या तोटीतून पाण्याचा थेंबही पडला नव्हता आणि नवऱ्याचे दोन्ही हात टेबलावरच्या पसरट तस्तावर येऊन थांबले होते – तळवे वर, बोटं जुळवलेली, मनगटावरचं घड्याळ आधीच मागे सरकवलेलं. झारी पितळेची, उंच मानेची, आणि ती घेऊन येणारा म्हातारा वेटर अजून टेबलाशी नीट पोचलासुद्धा नव्हता. ती स्वतः त्या झारीला फुलदाणी समजून नक्षीचं कौतुक करत बसली होती. जेवणाआधी इथे बसल्या जागी हात धुवायला देतात हे तिला माहीत नव्हतं. मग ह्यांना कसं माहीत?

"तुम्ही आधी आला होतात का इथे?" तिने विचारलं. अगदी सहज – निदान तिला तरी तो आवाज सहज वाटला.

"मी? छे! मी कशाला येतोय."

मी कशाला येतोय... म्हणजे आलो होतो की नव्हतो? बावीस वर्षांच्या संसारात त्यांनी कधी कुठल्या प्रश्नाला असं तिरकं उत्तर दिलं नव्हतं. मुळात उत्तरं द्यायची वेळच फारशी येत नसे.

ती कानाच्या दवाखान्यात ऐकण्याची तपासणी करते. बंद खोलीत काचेपलीकडे माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं – आवाज आला की दाबा. पण काही जण ठेका पकडतात आणि आवाज यायच्या आतच बटण दाबून मोकळे होतात; ऐकू आलं म्हणून नव्हे, पुढे काय येणार ते माहीत असतं म्हणून. असल्यांना ती चुटकीसरशी पकडते. आवाज बंद करते, नुसती शांतता सोडते आणि बघत बसते. बिचारे शांततेतही बटण दाबतात.

हे हॉटेल निवडलं तिनेच. ऐकू कमी येऊ लागलेली एक शिक्षिका तपासणीला आली होती, ती म्हणाली होती, त्या मोरोक्कन हॉटेलात चहा इतक्या उंचावरून ओततात की मलासुद्धा तो ऐकू येतो. घरी येऊन तिने सांगितलं, रविवारी दुपारी तिथे जेवायला जाऊ. आणि तेव्हा – आता आठवलं तिला – ते अर्धा क्षण थांबले होते. मग म्हणाले, "तुला आवडेल ते." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पडद्यांचा रंग, मुलीचं नाव, सहलीचं ठिकाण – तुला आवडेल ते. ह्या माणसाला स्वतःचं असं काही आवडतं की नाही, असा प्रश्न तिला सुरुवातीला पडायचा. पुढे पुढे पडेनासा झाला.

आज मात्र त्यांनी मेनू उघडलासुद्धा नाही. "कोंबडी सांगू या. मुरवलेलं लिंबू घातलेली... आणि ऑलिव्ह हिरवे." मग एकदम भानावर आल्यासारखे, "म्हणजे, बघू या. चांगली लागत असेल."

वेटर हसला. काहीतरी बोलणार होता. नवऱ्याची नजर जरा वर गेली, खाली आली, आणि वेटरचं हसू गडप झालं.

तिने ते बघितलं. असलं बघण्याचाच तर तिला पगार मिळतो.

आहे, कोणीतरी आहे. ती बसली होती त्या खुर्चीवरच्या उशीला मधोमध खळगा पडलेला होता, आणि तिला तिथे बसवेना. ऑफिसातली असेल. ह्यांच्या नकाशांच्या ऑफिसात काय बायका नसतात? आखूड केसांची असेल, मोठ्याने हसणारी, पाव मोडून ह्यांच्या ताटलीत ठेवणारी... आणि ही बया ह्याच टेबलावर बसून मला काय म्हणत असेल? त्यात तिला सडकून भूकही लागली होती. इतका राग आला तरी भूक जात नाही, ह्याचा तिला आणखीच राग आला.

उंच टोपीसारख्या झाकणाचं मातीचं भांडं आलं. वेटरने झाकणाला हात लावायच्या आतच नवऱ्याने तोंड बाजूला फिरवलं. वाफेचा लोट आला तो सगळा हिच्या चष्म्यावर. ती धुक्यात बसल्यासारखी बसून राहिली. चष्मा पुसेपर्यंत ते जेवू लागले होते, पावाच्या तुकड्याने रस्सा टिपत, सराईत. तिने घास घेतला आणि जीभ भाजली.

"गरम आहे, हळू," ते म्हणाले. वेळ निघून गेल्यावर.

जेवण उरकल्यावर ते "आलोच" म्हणून उठले आणि कोणाला न विचारता निळ्या पडद्यामागे डावीकडे वळले. तिथे पाटी नव्हती, काही नव्हतं.

वेटर ताटल्या उचलायला आला. विचारायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. विचारलं की माणूस सावध होतो. ती नुसतीच म्हणाली, "ह्यांचं नेहमीचंच होतं ना हे?"

"हो बाई. फक्त लिंबू आज कमी टाकायला लावलं. मागल्या वेळीच आत येऊन सांगून गेले, तुम्हाला आंबट चालत नाही म्हणून."

"आणि त्या बाई? त्यांना चालतं का आंबट?"

"कुठल्या बाई?"

तिने शांतता सोडली. बघत राहिली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर नुसता गोंधळ होता, खराखुरा.

"साहेब एकटेच येतात हो," तो म्हणाला. "दर मंगळवारी, दुपारी. चार-पाच वर्षं झाली. पण काय बोलतात! आचारीसुद्धा हातातलं टाकून बाहेर येतो ऐकायला. परवाची ती त्यांच्या साहेबांच्या टोपीची गोष्ट... हसून हसून पोट दुखलं आमचं. तुमची तर करमणूकच असेल रोज घरी."

"हो ना," ती म्हणाली.

मंगळवारी डबा घासूनपुसून परत येतो. बाकीचे दिवस खरकटा. तिला वाटायचं, एक दिवस तरी बायकोचा त्रास वाचवतात.

पहिल्यांदा सुटल्यासारखं वाटलं. कोणी नाही! मग ते वाटणं टिकेना. बाई असती तर तिला चेहरा असता, वय असतं, ऑफिसात जाऊन तिच्यासमोर उभं राहता आलं असतं, रडता आलं असतं, बहिणीला सांगता आलं असतं. एकटाच जेवायला येणारा आणि परक्यांना हसवणारा नवरा... ह्याची तक्रार कोणाकडे करायची? आणि काय म्हणून?

ते बोलायचे. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी बोलायचे, रोज, ती दारात चप्पल काढत असतानाच सुरू व्हायचे. आणि ती दिवसभर कानांत बारीक शिट्ट्या घेऊन आलेली... "अहो, जरा शांत बसू द्या ना. आवाज नको वाटतो." किती वेळा म्हणाली असेल? दहादा? त्यांनी कधी वाद घातला नाही. तुला आवडेल ते. तिने पुढे कधीच सांगितलं नाही, की आता बोला.

ते परत आले. वेटरकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"काय म्हणत होता?"

"काही नाही. आंबट लागलं का विचारत होता."

ते खुर्चीत बसले, जरा बिचकूनच. हात मांडीवर. समोर चहा आला, उंचावरून ओतला गेला, आणि तो आवाज थांबल्यावर टेबलावर दोघांच्या ओळखीची ती शांतता पसरली, जिला ती आजवर सुख समजत आली होती.

"बोला ना काहीतरी," ती म्हणाली. आवाज थोडा चिरकला.

त्यांनी तिच्याकडे निरखून बघितलं. ओठ जरासे उघडले – आता सांगतील, टोपीची सांगतील... मग मिटले.

"राहू दे गं," ते हसून, अगदी मायेने म्हणाले. "दमली असशील."

हे वाक्य ती रोज ऐकत आली होती, आणि रोज त्यात माया होतीच. आजही होती. पण आज पहिल्यांदाच तिला त्या मायेची भीती वाटली.