हवा बंद आहे

मित्रांनो, पेट्रोल पंपावर शिरलात की तुमचे डोळे आधी रांग किती आहे ते बघतात, मग भावाचा फलक आणि मग मशीनवरचं शून्य. संडासाच्या भिंतीला टेकून कोपऱ्यात एक लाल टाकी उभी असते, तिच्याकडे कुणाचंही लक्ष जात नाही. तोच मी. जुन्नरहून घाटघरकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या पंपावरचा, गाड्यांच्या चाकांत हवा भरणारा एक जुना कंप्रेसर.

माझा जन्म भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात झाला. एक लोखंडी टाकी, तिच्यावर मोटर, मोटरीला पट्टा, दाब दाखवणारा काटा आणि लांब काळी नळी, एवढाच माझा संसार. मी इथं उतरलो तेव्हा पंपाचे मालक सुवालालशेट यांनी माझ्यापुढे नारळ फोडला. शेटचं घराणं फार मागे राजस्थानातून आलं आणि जुन्नरचंच होऊन गेलं. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या कामगारांना बजावलं, "हवेला कुणाला न्हाई म्हणायचं न्हाई. पेट्रोल घेऊ दे नायतर न घेऊ दे. हवा काय आपल्या बापाची हाय का?"

माझ्यावर त्यांनी चिमाजीला नेमलं. चिमाजी आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातला, अबोल, पण हाताचा हलका. टायरला नुसता अंगठा लावून तो दाब ओळखायचा आणि तरीही माझा काटा बघितल्याशिवाय नळी काढायचा नाही. हा माझा मान होता असं मी समजत असे. टोमॅटोच्या पिकअप यायच्या, टायरच्या बैलगाड्या यायच्या, शाळेच्या सायकली यायच्या. उन्हाळ्यात विहिरीत पोहायला शिकणारी पोरं ट्रकची ट्यूब डोक्यावर घेऊन यायची आणि ती फुगेपर्यंत माझ्याभोवती नाचायची. "चिमाजीभाऊ, फुटंल, फुटंल," असं ओरडायची. खरं सांगतो, त्या दिवसांत मला पेट्रोलच्या मशीनपेक्षाही मोठं झाल्यासारखं वाटायचं. फुकटात उपयोगी पडण्याचा गर्व फार वाईट, तो उतरता उतरत नाही.

पुढे शेटचे गुडघे कुरकुरू लागले आणि त्यांचा नातू जिनेश पंप पाहू लागला. पोरगा वाईट नाही. त्यानं कॅमेरे बसवले, पैसे द्यायला स्कॅन करायचे ठोकळे आणले, पाण्याची टाकी धुऊन घेतली. पण रस्त्यावर गाड्या वाढल्या होत्या आणि त्यांच्याबरोबर लोकांचा ताप. नेट गेलं की स्कॅन होत नाही, म्हणून एक जण फोन हलवत उभा. दुसरा कॅन घेऊन मधेच घुसतो. तिसरा म्हणतो, शून्य दाखवलंच नाही. त्यात कुणी गाडीच्या टाकीचं झाकण उघडायची चावीच घरी विसरलेला. सगळ्यांना घाई आणि सगळ्यांचा हात हॉर्नवर.

एका पावसाळ्यात चिमाजी आवणीला गावी गेला. आमच्या डोंगरात भाताची लावणी निघाली की माणूस कुठेही कामाला असो, घरी जातोच. त्यावर कुणी काही बोलत नाही. माझ्याजवळ माणूस उरला नाही. येईल तो विचारायचा आणि जिनेश उत्तरं देऊन दमायचा. शेवटी त्यानं ऑइलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर 'हवा बंद आहे' असं लिहिलं आणि तो माझ्या गळ्यात अडकवला.

भात लावून चिमाजी परत आला. त्या दिवशी रांग रस्त्यापर्यंत गेली होती, म्हणून त्याला पेट्रोलच्या नळीवर उभं केलं आणि मग तो तिथेच राहिला. पुठ्ठा पावसानं भिजून गळून पडला, तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण जिनेशनं रंगवलेली पत्र्याची पाटी आणून लावली. मित्रांनो, मी धडधाकट होतो. माझा पट्टा ताणलेला होता, मोटरीला काही झालं नव्हतं. पण पाटी लागली की लागली. हळूहळू लोकांनी विचारणंही सोडलं. माझ्या नळीवर कुणीतरी फरशी पुसायचं फडकं वाळत घालू लागलं.

त्या हिवाळ्यात एका सकाळी, नुकतं उजाडताना, घाटघरचा गेणू मोटरसायकल घेऊन आला. मागे त्याची मुलगी रत्ना बसली होती. रत्नाला सगळा पंप ओळखत होता, कारण गेणू पेट्रोल भरताना दुसरं काही बोलतच नसे. पोरगी वनरक्षकाच्या भरतीची लेखी परीक्षा पास झाली होती. आता फक्त धावायची परीक्षा उरली होती आणि ती नाणेघाटाच्या सड्यावर, त्या उघड्या कातळपठारावर, रोज वाऱ्याच्या तोंडावर धावत होती. वयाच्या अटीमुळे ही तिची शेवटची संधी होती. त्या सकाळी तिला पुण्याजवळच्या मैदानावर वेळेत पोचायचं होतं, त्यासाठी नारायणगावहून गाडी धरायची होती.

मागचं चाक बसलं होतं. गेणूनं अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि चिमाजीला म्हणाला, "भाऊ, जरा हवा मारता का? दोनच मिन्टं."

चिमाजीच्या हातात नळी होती आणि समोर गाड्यांची रांग. त्यानं हनुवटीनं पाटी दाखवली. "बंद हाय."

"बघा की राव. पोरीची आज भरती हाय."

चिमाजीनं माझ्याकडे पाहिलं. माझं बटण त्याच्या ओळखीचं होतं, मी चालू आहे हे त्याला ठाऊक होतं. मला वाटलं, आता येतो. तेवढ्यात मागून हॉर्न सुरू झाले. "ए, घे की पुढं," कुणीतरी ओरडलं. "हवेसाठी थांबिवतो का आमाला?"

गेणू शरमला. त्यानं गाडी पुढे घेतली. रत्नानं पाठीवरची पिशवी सारखी केली आणि ती दोघं गेली. मी लांबूनही ओळखलं, ते चाक नारायणगावापर्यंत टिकणार नव्हतं.

पुढे काय झालं ते काही दिवसांनी कळलं. सुवालालशेटना जरा बरं वाटत होतं म्हणून ते पंपावर खुर्ची टाकून बसले होते. गेणू आणि रत्ना पेट्रोल भरायला आले.

"काय गं रत्ना, कशी पळालीस?" शेटनी कौतुकानं विचारलं.

गेणू म्हणाला, "पळायलाच न्हाई मिळालं, शेट. आमी पोचलो तवा गेट लागलं व्हतं. चाकात हवा नव्हती, तशीच गाडी दामटली. नारायणगावच्या अलीकडं ट्यूबचा वॉल तुटला. येवढ्या सकाळी पंक्चरवाला कुटला?"

"आरं, मग हितं हवा मारायची ना."

"इचारलं की. बंद व्हती."

"बंद?" शेट चिमाजीकडे वळले. "कवा बिघडलं?" चिमाजीनं हातातली नळी मशीनला अडकवली. जिनेश बाहेर आला आणि म्हणाला, "लई दिवस झालं, आजोबा. मला वाटतं मोटरच गेलीय." तो खोटं बोलत नव्हता. स्वतः लावलेली पाटी रोज वाचून वाचून त्यालाही ते खरं वाटू लागलं होतं.

शेट काठी टेकत माझ्यापाशी आले आणि त्यांनी बटण दाबलं.

मित्रांनो, त्या वेळी मी खरोखर बिघडलेलो असतो तर फार बरं झालं असतं. पट्टा तुटला असता, मोटर जळाली असती, तर म्हणता आलं असतं की नशीब, यंत्राला कोण काय करणार. पण मी पहिल्याच बटणाला सुरू झालो. माझी घरघर सगळ्या पंपावर ऐकू गेली. काटा सरळ वर चढला. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या आवाजाची लाज वाटली.

"म्हंजे चालू व्हतं," रत्ना हळूच म्हणाली.

चिमाजी माझी नळी ओढत पुढे आला. "आणा गाडी, मारतो हवा," तो म्हणाला.

"आता नगं, भाऊ. नवी ट्यूब घातलीया," गेणू म्हणाला. मग मुलीला म्हणाला, "चल गं बाय." तो चिडला असता तर मला जास्त बरं वाटलं असतं.

शेटनी त्याच दिवशी पाटी उतरवली. चिमाजी पुन्हा माझ्याजवळ आला. आता तो कुणी न विचारता प्रत्येक चाक दाबून बघतो. पण गेलेली भरती काही परत येत नाही. रत्ना आता जुन्नरला एका दुकानात कामाला जाते. मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गाड्या चालवाल. रांगेत पुढच्यानं दोन मिनिटं मागितली तर हॉर्नवरचा हात मागे घ्या. आणि कुठे पाटी लावलीत, तर काम झाल्यावर ती काढायची आठवण ठेवा.

गेणू अजून याच रस्त्यानं रत्नाला सोडायला येतो. आता त्याच्या गाडीला पायानं मारायचा एक छोटा पंप बांधलेला असतो. चाक बसलं असेल तर तो आमच्या फाटकाबाहेरच थांबतो. रत्ना नळी धरते आणि तो वाकून पाय मारत राहतो. चिमाजी त्याला हात करतो. गेणूही हसून हात करतो, पण गाडी आत आणत नाही. माझी टाकी तेव्हा काठोकाठ भरलेली असते.