कोऱ्या ताडपानावरची अक्षरं

गावात आलेल्या एका बाबाने कोरं ताडपान वर धरून चारी दिशांना फिरवलं, आणि भागवतघरापुढच्या, म्हणजे गावाच्या सामाईक देवघरापुढच्या, गर्दीतल्या दोघी-तिघी आधीच रडायला लागल्या. नुसत्या कोऱ्या पानाला! मग त्याने होमाची काळी राख चोळली, फडक्याने पुसली, आणि पानावर काळीभोर ओडिया अक्षरं उमटली. सरस्वतीचं टपाल आलं, म्हणाला. या टपालाला तिकीट लागत नाही, भक्ती लागते, असंही म्हणाला. बायकांनी जिभा हलवत हुळहुळीचा मंगलघोष केला.

निराकार बेहेरा मागे उभा होता. जिल्ह्याच्या संग्रहालयात पोथ्या सांभाळणं हे त्याचं काम. गावोगाव हिंडून घरोघरच्या पोथ्यांचे फोटो घ्यायचे. पोथी घरच्याच देव्हाऱ्यात राहते आणि संग्रहालयात ती कुणालाही वाचता येते. ऋषिकुल्या नदीकाठच्या या गावातल्या कुंतलामावशीने मात्र दोन वर्षं त्याला मुढी, म्हणजे कुरमुरे, खायला घालून हात हलवत परत पाठवलं होतं. बांधलेल्या पोथीला चंदन-फूल वाहायचं, हात जोडायचे, पण तिची गाठ सोडायची नाही, ही गावाची रीत. माघात तिने त्यालाच गाठ सोडायला लावून कशीबशी शेवटची तीन पानं टिपू दिली. उरलेली चैत्रात घे, म्हणाली. म्हणून तो आज आला होता.

आणि पोथी नव्हती. मंगळवारी नदीला दिली, मावशीने सांगितलं. तिचा रघू सुरतेला मागावर कामाला गेलेला, सात महिने त्याची काही खबर नव्हती. बाबाच्या पानावर रघूचं नाव आणि निरोप उमटला होता: घरातली पोथी रुसली आहे, तिचं विसर्जन कर, मुलगा येईल. बाबाच्या चेल्याने पोथी बाबाकडे शुद्धीला नेली, दुसऱ्या दिवशी दगड बांधून पाण्यात सोडली.

मावशीच्या आजेसासऱ्याने, पानापानावर चित्रं काढत, नऊ वर्षं बसून लिहिलेली पोथी ती. रघूचं नाव बाबाला कुणी सांगितलं, हे विचारायची गरजच नव्हती. चेले आधी दोन दिवस चहाच्या टपरीवर बसून होते, आणि तिथे काय कळत नाही?

दुसऱ्या दिवशी सकाळी, टपाल सुरू व्हायच्या आत, निराकार भागवतघरापुढे गेला. पिशवीतून ताडपान काढून त्याने सरपंचांच्या हातात दिलं. कोरं आहे ना? सरपंचांनी चष्मा लावून बघितलं, कोरंच होतं. मग त्याने मावशीच्या चुलीची काजळी हिरव्या पाल्याच्या रसात कालवून चोळली आणि पुसली. सरपंच मोठ्याने वाचू लागले, 'मावशीच्या पखाळभातात आज मीठ कमी होतं.'

लोक खो खो हसले. देवी पखाळ खायला कधी आली, कुणीतरी विचारलं.

"ताडपानावर शाईने लिहीतच नाहीत," निराकार म्हणाला. "लोखंडी लेखणीने कोरतात. कोरलेलं दिसत नाही, काजळी भरली की दिसतं. तुमच्या आज्यापणज्यांना हे रोजचं होतं. आपण चार पिढ्या पोथी पुजली, पण ती लिहितात कशी ते विसरलो."

तो आपली विद्या चोरतोय, असा बाबाने कांगावा केला. पण आता सरपंच चिडले होते, त्यांनी पोरांना पोथी शोधायला नदीवर पिटाळलं. चैत्रातली नदी, पाणी गुडघाभर. दगड बांधलेली पुरचुंडी पोरांनी काढून आणली. गाठ मावशीने स्वतः सोडली, जन्मात पहिल्यांदा. आत ताजी कापलेली, कोरी पानं होती. त्यांच्यावर काजळी चोळून बघितली, काहीच उमटलं नाही.

बाबाला पोलिसांनी नेलं. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याला पोथी विकल्याचं त्याने कबूल केलं. व्यापारी सापडला नाही, पोथीही नाही. मावशी पायरीवर बसून राहिली आणि एवढंच म्हणाली, "म्हणजे रघूही येणार नाही?"

आठवड्याने ती एकटीच बसने संग्रहालयात आली. पोथीची तीन पानं उरलीत ना, ती वाचून दाखव, म्हणाली. तिला अक्षर येत नव्हतं. निराकारने पडद्यावर शेवटचं पान मोठं केलं. कडेला एक हरीण होतं, खाली आजेसासऱ्याचा मजकूर. त्याने वाचला:

"डोळे जाईपर्यंत लिहिली. माझ्या लेकीसुनांनो, हिला बांधून पुजू नका. दरवर्षी उघडा, ऊन दाखवा, वाचून घ्या."

मावशीने पुन्हा वाचायला सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्याने वाचून दाखवलं, आणि हे पान माघात टिपलं तरी आजवर वाचलं नव्हतं, हेही तिला सांगितलं.

त्या चैत्रात गावात अकरा पोथ्यांच्या गाठी सुटल्या. चार घरांत आत नुसती वाळवी निघाली, सात घरांतली पानं आज संग्रहालयात कुणालाही बघता येतात. मंडळी, तुमच्याकडेही असं काही बांधून ठेवलेलं असेल. कुणी त्यावर राख चोळायला येण्याआधी तुम्हीच ते उघडा आणि वाचा. मावशीला तेवढं कुणी वेळेवर सांगितलं नाही.