मेनवरची टोपी

भावोजी शॉक लागून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी ठेकेदार घरी आला. हातात भावोजींची हत्यारांची पिशवी. तोंड असं पाडलेलं, जणू त्याच्याच घरातलं कुणी गेलंय.

ताई भिंतीला टेकून बसली होती. तिचा धाकटा भाऊ दारात उभा. तोही भावोजींबरोबर एसी बसवायच्या कामावर होता. काल तो खालून गॅसची टाकी आणायला गेला आणि वर येईपर्यंत गॅलरीत सगळं संपलेलं.

"वाईट झालं, वहिनी," ठेकेदार म्हणाला. "पण शंभरदा सांगितलं होतं, मेन बंद कर, मग युनिटमध्ये हात घाल. ऐकलं नाही. पोलिसांनाही मी तेच सांगितलंय." मग भावाकडे वळला. "तू सोमवारपासून ये. त्याची जागा तुझीच."

माणूस आहे, विसरले असतील, भावाच्या मनात आलं.

ताईनं पिशवी उघडली. पाने, पक्कड, टेस्टर. वर निळी टोपी.

"ही कुठं मिळाली?"

"हॉलमध्ये पडली होती."

"म्हणजे बाहेर उन्हात बोडक्यानं बसले होते?"

"असेल. मला काय ठाऊक!"

भावानं टोपी हातात घेतली. मेन बंद केला की भावोजी त्यावर टोपी टांगत. सगळ्या पोरांना ती खूण ठाऊक: टोपी आहे तोवर तारांत माणसाचा हात आहे, बटणाला शिवायचं नाही. कपाळ भाजून घरी आले की ताई चिडवायची, "डोकं तुमचं आणि टोपी बटणाला!"

"मेनवरची टोपी कुणी काढली?" भावानं विचारलं.

"अरे, गिऱ्हाईक बोंबलत होतं! फ्रिज बंद, पंखा बंद, घरात म्हातारं माणूस. मला वाटलं, झालं असेल याचं. एक हाक मारली की मी, मग केला मेन चालू."

"ओ दिली त्यांनी?"

ठेकेदार ताडकन उठला. "तोंड सांभाळ. तू तर खाली होतास."

"आत्ता बोललात ते ऐकलं ना आम्ही दोघांनी."

"मग जा, बोंबल चौकीत. बघतो तुला काम कोण देतो."

वीज लहानमोठा बघत नाही म्हणतात. साफ खोटं. मालक युनिटजवळ फिरकतच नाही, तिला तो दिसणार कुठून?

भाऊ चौकीत गेला, सगळं सांगितलं. हवालदार म्हणाला, "बघू." मयताचा निष्काळजीपणा असं आधी लिहिलेलं मात्र खोडलं नाही. ठेकेदार सगळे एका माळेचे मणी. भावाला बघितलं की दारातूनच वाटेला लावतात. तो रोज सकाळी कामाचे कपडे चढवतो आणि घरातच बसून राहतो. ताईनं लोकांची धुणीभांडी धरलीत.

"ताई, चुकलं का गं माझं?" त्यानं एकदा विचारलं.

"आधी जेव," ती म्हणाली. "उद्या परत चौकीत जायचंय. मीही येते."