खोडलेला व्हरांडा

मित्रांनो, मी एक जुना ड्रॉइंग बोर्ड आहे. बारामतीत अफजलसाहेबांच्या ऑफिसात मी छत्तीस वर्षं काढली. साहेब आर्किटेक्ट होते. कुठलीही इमारत विटांनी उभी राहण्याआधी माझ्या अंगावर पेन्सिलीने उभी राहायची.

निमगाव केतकीच्या आठवडे बाजारात बांगड्या विकणाऱ्या मेहबूबबींचा हा मुलगा. आई दिवसभर उन्हात बसायची, म्हणून असेल, पण साहेब आधी सावली कुठे पडेल ते बघायचे आणि मगच भिंती काढायचे.

वडगाव निंबाळकरजवळच्या एका वस्तीवरची शाळा हे त्यांचं पहिलं मोठं काम. दक्षिणेला त्यांनी लांबलचक व्हरांडा काढला. शाळा चालवणाऱ्या संस्थेचे आबासाहेब नकाशा बघायला आले. त्यांनी व्हरांड्यावर बोट टेकवलं.

“साहेब, एवढी जागा मोकळी कशापायी? दोन वर्ग निघत्यात हितं.”

साहेब नवे होते, काम हातचं जाईल अशी भीती होती. त्यांनी खोडरबर उचलला. सावलीचं कारण न सांगताच व्हरांडा पुसून टाकला.

शाळा झाली, हारतुरे झाले. पुढे इंदापूरपर्यंत त्यांचं नाव झालं. मग एका एप्रिलमध्ये ते त्या शाळेवरून गेले आणि परत आल्यावर पाणीसुद्धा न पिता माझ्यासमोर बसले.

“पोरं खिचडीची ताटं घेऊन मागच्या भिंतीला चिकटून बसली हुती गं,” ते मुलीला, अल्फियाला म्हणाले. “तेवढीच काय ती वीतभर सावली.”

त्यांनी तो व्हरांडा पुन्हा काढला. पण त्या जागी आता दोन वर्ग उभे होते. कागद त्यांनी अल्फियाशिवाय कुणाला दाखवला नाही आणि माझ्यावरून उतरवलाही नाही. नवी कामं अल्फिया कॉम्प्युटरवर करू लागली.

गेल्या वर्षी साहेब गेले. आबासाहेब काठी टेकत भेटायला आले, तेव्हा त्या कागदापाशी थबकले.

“ही आमची शाळा न्हवं?”

“हो, आबा. अब्बांना असा व्हरांडा हवा होता. तुम्ही नको म्हणालात.”

म्हाताऱ्याने कागदावरच्या व्हरांड्यावर पुन्हा बोट टेकवलं.

“मला त्यातलं काय कळत हुतं, पोरी? पोरांस्नी सावली लागंल, येवढं त्यांनी एकदा सांगायचं. मी ऐकलं असतं की.”

अल्फियाने तोंड फिरवलं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसली नाहीत तरी चालेल. पण मनापासून काढलेली रेघ खोडण्याआधी, ती का काढली ते एकदा सांगून बघा. मी तर लाकूड, मला बोलता येत नव्हतं. साहेबांना येत होतं.